मोडलेल्या शब्दाची भरपाई

इराणच्या अणुकार्यक्रमाची बातमी आली की चर्चा फिरते ती टक्क्यांभोवती आणि किलोंभोवती. युरेनियम किती टक्क्यांपर्यंत समृद्ध केले, साठा किती, सेंट्रिफ्यूज किती. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण या वाटाघाटींचे गाडे जिथे वारंवार रुतते ती जागा वेगळी आहे. उद्या समोरच्या देशात सरकार बदलले, तिथल्या संसदेने नवा कायदा केला आणि सही झालेला करार मोडला, तर ज्याने आपला कार्यक्रम आवरता घेतला त्याच्या पदरात काय उरते? या प्रश्नाचे उत्तर ज्या करारात नाही तो कितीही बारकाईने लिहिलेला असला तरी टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे. त्याचा पुरावा शोधायला तेहरानला जावे लागत नाही. नाशिकहून त्र्यंबक-जव्हारच्या वाटेने घाट उतरले की पालघर जिल्हा लागतो आणि बोईसरच्या पश्चिमेला, समुद्रकाठी, तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. निर्बंध म्हणजे काय, दिलेला शब्द फिरला की काय होते आणि तरीही पुन्हा बोलणी कशी करायची, हे सगळे आपल्याच राज्याच्या या किनाऱ्यावर घडून गेले आहे.

ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरसाठी ३० वर्षांचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिकने दोन अणुभट्ट्या उभ्या करायच्या, त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचे आणि भारताने ते फक्त अमेरिकेकडूनच घ्यायचे, असा तो व्यवहार होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. या भट्ट्यांचे इंधन म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या, दोन पुरुष लांबीच्या धातूच्या नळ्या. त्यांत युरेनियमच्या छोट्या वड्या एकावर एक रचलेल्या, आणि अशा ३६ नळ्यांची मिळून एक जुडी. त्या वड्यांतले युरेनियम तीन टक्क्यांपेक्षाही कमी समृद्ध असते, म्हणजे बॉम्बच्या दृष्टीने निरुपयोगी. पण तेवढेही आपल्याकडे तयार होत नव्हते. कच्चा माल अमेरिकेतून यायचा, हैदराबादच्या संकुलात त्याच्या वड्या व्हायच्या आणि मग त्या तारापूरला पोचायच्या. मे १९७४ मध्ये पोखरणला पहिली चाचणी झाली. मार्च १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसार रोखण्याचा कायदा केला. ज्या देशाच्या सगळ्याच अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन द्यायचे नाही, असे त्या कायद्याने ठरवले आणि तो आधीच्या करारांनाही लागू केला. पंधरा वर्षांपूर्वी दिलेला शब्द एका नव्या कायद्याने बाद झाला. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी आपल्या अधिकारात ३८ टन इंधन पाठवायचे ठरवले, तेव्हा सिनेटमध्ये ते ४८ विरुद्ध ४६ मतांनी कसेबसे तगले. दोन मतांच्या फरकावर मुंबई आणि गुजरातची वीज लटकलेली होती, हे आज आठवावे लागते.

पुढे १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीत तोडगा निघाला आणि इंधन फ्रान्सने द्यायचे ठरले. फ्रान्सनंतर चीनने दिले, मग रशियाने. मधल्या काळात भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लुटोनियम मिसळलेल्या इंधनाच्या जुड्या करून त्या याच भट्ट्यांत वापरून पाहिल्या. पण वापरून झालेल्या इंधनाचा गुंता तसाच राहिला. अमेरिका ते परत नेत नव्हती आणि पुनर्प्रक्रियेला संमतीही देत नव्हती. पुनर्प्रक्रिया करणारा प्रकल्प तारापूरच्याच आवारात उभा होता आणि त्याच्या शेजारी पाण्याच्या हौदांत वापरलेल्या जुड्या वर्षानुवर्षे साठत होत्या. पुनर्प्रक्रियेच्या अटींवर भारत आणि अमेरिकेच्या सह्या व्हायला जुलै २०१० उजाडले. या इतिहासात आपली बाजू धुतल्या तांदळासारखी होती, असा दावा मी करणार नाही. पोखरणला वापरलेले प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस भट्टीतले होते. ती भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती, तिला जड पाणी अमेरिकेने दिले होते आणि दोघांनाही आपण शांततामय वापराचे वचन दिले होते. आपण चाचणीला शांततामय स्फोट म्हटले. कॅनडाने ते मान्य केले नाही आणि तो निघून गेला. म्हणजे शब्द कोणी आधी मोडला याबद्दल दोन्हीकडे आपापली कहाणी आहे. इराण आणि अमेरिकेतही तसेच आहे, आणि म्हणूनच तारापूरची आठवण इथे उपयोगी पडते.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचे संयुक्त निवेदन झाले तेव्हा भारताच्या अणुशास्त्रज्ञांनी नेमके तेच केले. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी वेगप्रजनक भट्ट्या तपासणीखाली देण्यास जाहीर विरोध केला. त्या गाजलेल्या विरोधापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा होता तो इंधनाच्या हमीचा. मार्च २००६ मध्ये संसदेत ठेवलेल्या विलगीकरण आराखड्यात तो स्पष्ट आहे. भारताने तेव्हाच्या हिशेबातल्या २२ पैकी १४ भट्ट्या कायमच्या तपासणीखाली द्यायच्या. त्या बदल्यात त्या भट्ट्यांच्या पूर्ण आयुष्याला पुरेल असा इंधनाचा साठा उभा करायला अमेरिकेने मदत करायची. पुरवठा तुटलाच तर रशिया, फ्रान्स, ब्रिटन अशा मित्रदेशांना एकत्र आणून तो पुन्हा सुरू करून द्यायचा. आणि तरीही इंधन आले नाही तर भट्ट्या चालू ठेवण्यासाठी ‘सुधारात्मक उपाय’ करण्याचा हक्क भारताकडे राहील. यातली प्रत्येक अट तारापूरच्या अनुभवातून आली आहे. हक्क नेमका काय हे संदिग्ध आहे, पुन्हा अणुचाचणी केली तर काय यावर करार मौन पाळतो, अशी टीका तेव्हा झाली आणि ती रास्त होती. पण फसवले गेलो तर आपल्या हातात काय, हा प्रश्न भारताने कागदावर आणला आणि अमेरिकेला तो मान्य करायला लावला. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने सूट दिली. २०१५ मध्ये भारताला युरेनियम विकण्याचा करार करणाऱ्या देशांत कॅनडाही होता.

आता इराणकडे याच नजरेने पाहू. आपले युरेनियम आपणच समृद्ध करणार, हा इराणचा हट्ट बॉम्बच्या हव्यासातून आला असे सर्रास म्हटले जाते. हव्यास नाही असे मी म्हणत नाही. पण त्या हट्टामागे इराणचे स्वतःचे तारापूर आहे. सत्तरच्या दशकात शहाने फ्रान्समधल्या युरोडिफ या समृद्धीकरण प्रकल्पात १० टक्के वाटा घेतला आणि एक अब्ज डॉलरचे कर्ज दिले. १९७९च्या क्रांतीनंतर तिथून इराणला युरेनियम मिळाले नाही. पैशांचा वाद मिटायला १९९१ उजाडले. बुशहरची भट्टी जर्मन कंपनीने अर्धवट सोडली; ती रशियाने पुरी केली आणि तिची वीज २०११ मध्ये वाहू लागली. तेहरानची संशोधन भट्टी अमेरिकेनेच १९६७ मध्ये दिली होती. तिचेही इंधन थांबले. भागीदारी असूनही माल मिळत नाही हे ज्याने पाहिले, तो देश ‘तुमचे इंधन आम्ही बाहेरून देऊ’ या आश्वासनावर सहज विसंबणार नाही. भारतही विसंबला नव्हता.

या पार्श्वभूमीवर जुलै २०१५चा व्हिएन्ना करार वाचला की त्याची ताकद दिसते आणि त्याचे भोकही दिसते. इराणने समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोंवर आणायचे कबूल केले. सुमारे ११ टन समृद्ध युरेनियम जहाजाने रशियाला गेले, अराकच्या भट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये आणि नंतर वारंवार हे तपासून मान्य केले. इराणने शब्द मोडला तर काय, याची सोयही चोख होती: करारातल्या कोणत्याही देशाने तक्रार केली की ३० दिवसांत संयुक्त राष्ट्रांचे सगळे निर्बंध आपोआप परत, आणि सुरक्षा समितीत नकाराधिकार वापरूनही ते कोणाला अडवता येणार नाहीत. पण अमेरिकेने शब्द मोडला तर काय? त्यासाठी जवळपास काहीच नव्हते. ८ मे २०१८ रोजी ट्रम्प बाहेर पडले. युरोपने व्यवहारासाठी इन्स्टेक्स नावाची वेगळी यंत्रणा काढली. २०२३ मध्ये ती गुंडाळली तोवर तिच्यातून एकच व्यवहार झाला, तोही वैद्यकीय सामानाचा. अमेरिका गेल्यावरही इराण एक वर्ष मर्यादेत राहिला. मग पायरी पायरीने त्याने मर्यादा सोडली. एप्रिल २०२१ पासून ६० टक्क्यांपर्यंत समृद्धीकरण सुरू झाले आणि जून २०२५ मध्ये इस्रायलचे हल्ले झाले तेव्हा तशा युरेनियमचा साठा ४४०.९ किलो होता. आणखी समृद्ध केल्यास एका बॉम्बला अशा ४२ किलोंच्या आसपास लागतात, असे अणुऊर्जा संस्थेची मोजपट्टी सांगते. म्हणजे करार पाळला जात होता तेव्हा जे शून्य होते ते करार मोडल्यावर दहा बॉम्बांच्या ऐवजापर्यंत गेले. एकाच बाजूला विमा असलेल्या कराराची ही किंमत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: भारत म्हणजे इराण नव्हे. खरे आहे. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर आपण सही केलीच नव्हती, त्यामुळे तो मोडण्याचा प्रश्न आला नाही. इराणने सही केली, १९७० मध्ये तो मंजूरही केला आणि तरीही नतान्झचा प्रकल्प २००२ पर्यंत आणि फोर्डोचा २००९ पर्यंत लपवला. भारतात अमेरिकेशी केलेल्या अणुकरारापायी २००८ मध्ये सरकारला संसदेत विश्वासमताला सामोरे जावे लागले आणि ते पडता पडता वाचले. इराणमध्ये सरकारला असा जाब विचारणाऱ्याची जागा तुरुंगात असते. शेजारच्या देशांत सशस्त्र गट पोसण्याचा त्याचा इतिहासही लपलेला नाही. म्हणून इराणवरची तपासणी भारतापेक्षा कितीतरी कडक असायला हवी, यात दुमत नाही. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही. समोरचा जितका कमी विश्वासाचा, तितकी त्याला करारात बांधून ठेवण्याची गरज जास्त. आणि बांधून राहण्यात त्याचा फायदा रोज दिसत राहिला तरच तो राहतो. हवी तेव्हा मोडता येणारी सवलत दाखवून कोणाकडून कायमची माघार मिळत नाही. चांगल्या वर्तनाचे बक्षीस म्हणून मी हमी मागत नाही. तपासनीसाला दार उघडे राहावे म्हणून ती लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. निर्बंधांनीच इराणला २०१३ मध्ये टेबलाशी आणले, मग ते अजून आवळा. इथेही अर्धे सत्य आहे. २०१२ मध्ये इराणच्या बँका आंतरराष्ट्रीय व्यवहारातून तोडल्या गेल्या, तेलाची निर्यात निम्म्याहून खाली आली आणि त्याचा परिणाम झाला. पण निर्बंध टेबलाशी आणतात ते कधीतरी उठतील या आशेने. ते उठून पुन्हा लागू झाले की पुढच्या वेळी तीच आशा निम्म्या भावात विकली जाते. आपल्याकडेही १९७४ आणि १९९८च्या चाचण्यांनंतरच्या निर्बंधांनी कार्यक्रम थांबला नाही, रखडला मात्र नक्की. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, याच काळात देशी बनावटीच्या उभ्या राहिल्या. नाशिकजवळच्या ओझरला तर हे जवळून पाहता येते. १९९८ मध्ये तेजस विमानाच्या उड्डाण-नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत पाठवले गेले आणि सामान तिकडेच अडकले. विमान अखेर जानेवारी २००१ मध्ये उडाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या एचएएलमध्ये बनलेले पहिले तेजस आकाशात गेले, आणि त्याचे इंजिन जनरल इलेक्ट्रिकचे आहे. त्याच नावाच्या कंपनीने तारापूर बांधले होते. कौशल्य दडपता येत नाही, ते लपते किंवा उशिरा येते. जून १९८१ मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक भट्टी उडवली तेव्हा सद्दामचा कार्यक्रम संपला नाही, तो तपासनीसांच्या नजरेआड गेला.

आता शेजाऱ्यांकडे वळू, कारण करार मोडायला लावणारी भीती तिथेच असते. २०१५च्या टेबलावर सहा मोठे देश आणि इराण होते. इस्रायल, सौदी अरेबिया, अमिराती नव्हते. नेतान्याहूंनी करार होण्याआधीच, मार्च २०१५ मध्ये, अमेरिकेच्या संसदेत जाऊन त्याविरुद्ध भाषण केले. सौदीच्या युवराजांनी २०१८ मध्ये सांगून टाकले की इराणने बॉम्ब केला तर आम्हीही लगेच करू. मार्च २०२३ मध्ये बीजिंगमध्ये सौदी आणि इराणने संबंध पुन्हा जोडले, पण त्यात अणूचा विषय नव्हता. एप्रिल २०२५ पासून ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका-इराण चर्चेच्या पाच फेऱ्या झाल्या. सहावी १५ जूनला मस्कतला ठरली होती आणि इस्रायलचे हल्ले १३ जूनला सुरू झाले. सप्टेंबरात दोहावर इस्रायलचा हल्ला झाला आणि आठ दिवसांत सौदी अरेबियाने अण्वस्त्रधारी पाकिस्तानशी संरक्षण करार केला. आखातातले वैर असे आपल्या पश्चिम सीमेपर्यंत येऊन पोचले. शेजाऱ्याची भीती करारात लिहिली नाही तर ती बाहेरून करार फोडते.

या बाबतीत जगाला दाखवण्यासारखे आपल्याकडे एक उदाहरण आहे, आणि आपण ते फारसे सांगत नाही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात भारत-पाकिस्तानने एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या प्रकल्पांची यादी, अक्षांश-रेखांशासह, एकमेकांना देतात. कारगिल झाले, २६/११ झाले, पुलवामा झाले. यादी चुकली नाही. या करारासाठी मैत्री लागली नाही, एकमेकांना मान्यता देण्याचे सोहळे लागले नाहीत. किरणोत्सर्गाची राख वाऱ्यावर कोणाच्या अंगणात पडेल याचा हिशेब दोघांनाही कळत होता, एवढे पुरले. ब्राझील आणि अर्जेंटिना १९९१ मध्ये याहून पुढे गेले आणि एकमेकांचे प्रकल्प तपासणारी संयुक्त संस्था त्यांनी काढली. कुवेत, कतार, बहरीनच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करून मिळतो, आणि बुशहरची भट्टी त्याच समुद्राच्या काठी आहे. आखाती देशांना इराणशी अशी यादी अदलाबदल करण्यात स्वार्थ नाही, असे कोण म्हणेल?

यात आपला काय संबंध, असे नाशिकमध्ये कोणी विचारले तर उत्तर लांबचे नाही. २०२३ च्या अखेरीपासून इराणचे पाठबळ असलेल्या हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले केले, आणि निफाड-दिंडोरीची द्राक्षे घेऊन युरोपला निघालेले शीत कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले. दहा-पंधरा दिवस जास्त आणि भाडेही जास्त. द्राक्षाच्या देठाचा हिरवेपणा इतके दिवस वाट पाहत नाही. मे २०१९ पर्यंत आपल्या आयात तेलाचा सुमारे दहावा हिस्सा इराण देत होता. अमेरिकेने निर्बंधांतून दिलेली सूट काढली आणि तो शून्यावर आला. इराणच्या चाबहार बंदरासाठी आपण मे २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने सूट रद्द केली आणि नंतर मिळाली ती सहा महिन्यांची. दहा वर्षांचा करार आणि सहा महिन्यांची परवानगी, म्हणजे तारापूरच पुन्हा, फक्त या वेळी बंदराच्या रूपात.

आणि दिल्लीवर एक जुनी जबाबदारीही आहे. सप्टेंबर २००५ मध्ये, अमेरिकेशी आपला स्वतःचा अणुकरार आकार घेत असताना, भारताने व्हिएन्नात, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत, इराणविरुद्ध मत दिले. फेब्रुवारी २००६ मध्ये पुन्हा दिले. इराणने लपवाछपवी केली होती, त्यामुळे ते मत चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पण इंधनाची हमी, पर्यायी पुरवठादार आणि फसवणूक झाल्यास उपायाचा हक्क या तीन गोष्टी स्वतःसाठी मिळवताना आपण त्यांची गरज दुसऱ्या कोणालाही असू शकते, हे सांगितले नाही. ते आता सांगायला हवे. इराणशी यापुढे जो कोणता करार लिहिला जाईल त्यात तपासणी २०१५ पेक्षा कडक असावी, समृद्धीकरणाची मर्यादा दीर्घकाळाची असावी, आणि त्याच पानावर दुसऱ्या बाजूने शब्द मोडल्यास काय मिळेल हेही लिहिलेले असावे: कझाकस्तानमध्ये अणुऊर्जा संस्थेची जी ९० टनांची इंधन बँक आहे तिच्यातला राखीव वाटा, एकाहून अधिक देशांनी बांधून घेतलेला पुरवठा, आणि शेजाऱ्यांनी एकमेकांचे प्रकल्प न उडवण्याची लेखी कबुली. वॉशिंग्टन, तेहरान, रियाध या तिन्ही राजधान्यांत भारताचे राजदूत आहेत. त्यांना त्यासाठी नवा मसुदाही लिहावा लागणार नाही. पुरवठ्याच्या हमीची कलमे मार्च २००६ मध्ये आपल्या संसदेपुढे ठेवलेल्या कागदात आहेत, आणि हल्ला न करण्याची कलमे १९८८ पासून इस्लामाबादच्या आणि आपल्या कपाटात आहेत.